बायफारर

चिंचवडला गाडी ‘देते’. कुणी नवी गाडी घेतली, की पेढा तोंडात टाकता टाकता लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘‘काय देते?’’ म्हणजे अ‍ॅव्हरेज काय देते. एका लिटरला किती किलोमीटर. सांगणारा दोनेक किलोमीटर वाढवूनच सांगतो आणि ऐकणारा ते मनातल्या मनात कमी करून घेतो. जर्मनीत आल्यावर कळलं, की इथली गाडी काही देत नाही, नुसती पिते. शंभर किलोमीटरला किती लिटर प्यायली एवढंच विचारायचं, आणि आकडा जितका लहान तितकी गाडी गुणी. अमेरिकेतल्या लोकांचं तिसरंच. त्यांची विचारायची तऱ्हा आपल्यासारखी, पण किलोमीटरऐवजी मैल आणि लिटरऐवजी गॅलन. या तीन हिशोबांच्या मध्ये बसून मी बरीच वर्षं पोट भरतो आहे.

झिंडेलफिंगेनमध्ये गाड्यांचा मोठा कारखाना आहे आणि त्याच्या आसपास, गुळाभोवती मुंग्या जमाव्यात तशी, लहान लहान कंपन्यांची ऑफिसं आहेत. त्यातल्या एकीत मी नोकरी करतो. आमचं काम एवढंच, की नवी गाडी बाजारात जाण्याआधी रस्त्यावर नेऊन ती खरोखर किती इंधन पिते ते मोजून द्यायचं. चिंचवडच्या माझ्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, ‘‘म्हणजे तू दिवसभर गाडी फिरवतोस आणि त्याचा पगार घेतोस!’’ मी आता त्यांना समजावून सांगायचं सोडून दिलंय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका डिझेल व्हॅनचं काम आलं. ही व्हॅन जर्मनीत पावलोपावली दिसते. उंच छताची, अरुंद, आत माणूस ताठ उभा राहू शकेल अशी. बेकरीवाल्यापासून नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळे ती वापरतात आणि तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण आता ती अमेरिकेला जाणार होती. तिथल्या व्हॅन बुटक्या, रुंद आणि पेट्रोल ढोसणाऱ्या. त्यांच्यापुढे आपली किती कमी पिते हे दाखवून ती तिथल्या कुरियरवाल्यांच्या गळ्यात मारायची, असा बेत होता. डिझेल हे ट्रकचं इंधन, घाण आणि आवाजाचं, असं तिथल्या बऱ्याच लोकांचं मत. त्यामुळे आकडे असे हवे होते, की समोरच्याने तोंड उघडायला नको.

तर आम्ही मोजायला लागलो. झिंडेलफिंगेनहून निघायचं, हेरेनबर्गच्या बोगद्यातून, होर्बजवळच्या नेकार नदीवरच्या उंच पुलावरून रॉटवाईलपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत. वेग एकच ठेवायचा. मागे मालाच्या जागी वाळूची पोती. खिडक्या बंद, एसी बंद. रेडिओसुद्धा बंद, कारण आमचा साहेब इथलाच, श्वाबी माणूस, म्हणजे काटकसरीत जर्मनांचाही गुरू. रेडिओला वीज लागते, वीज इंजिन बनवतं आणि इंजिन डिझेल पितं, हे त्याने आम्हाला न हसता सांगितलं होतं. गाडीत माणसं दोन. एक चालवणारा आणि दुसरा मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे बघणारा. शेजारी बसणाऱ्याला जर्मनमध्ये बायफारर म्हणतात. अशा बंद डब्यात दोन माणसं रोज कोंडली, तर एक तर मारामारी होते नाही तर मैत्री.

आमची मैत्री झाली. माझा बायफारर म्हणून जो नवा माणूस आला होता तो भारतातला आहे एवढं मला माहीत होतं. पण भारत केवढा मोठा, त्यामुळे मी इंग्रजीतच ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. त्याने लॅपटॉपची केबल लावायला घेतली, ती लागेना, आणि तो स्वतःशीच म्हणाला, ‘‘च्यायला!’’ मी किल्ली फिरवता फिरवता थांबलो. तो डोंबिवलीचा निघाला. बायको आणि लहान मुलगी घेऊन दोनच महिन्यांपूर्वी आलेला.

माझं तोवर असं होतं, की मी मराठी फक्त रविवारी बोलायचो, आईशी फोनवर. तेही काय बोलायचो? जेवलास का, थंडी आहे का, मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का. स्टुटगार्टमध्ये मराठी मंडळ आहे, गणपतीला मी दोनदा गेलो. पण तिथे सगळी जोडप्याजोडप्याने, मुलाबाळांसकट आलेली. एकट्या माणसाला प्रत्येकजण आधी प्लेट देतो आणि मग लग्नाचं विचारतो. तिसऱ्या वर्षापासून मी गेलो नाही. मला माणसांचा कंटाळा आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

हा डोंबिवलीकर गाडीत बसला आणि सगळं बदललं. हा माणूस बोलायचा, नुसता बोलायचा. साबुदाण्याच्या खिचडीवर लिंबू की दही, यावर आम्ही हेरेनबर्ग ते रॉटवाईल भांडलो आहोत. त्याच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं राजकारण मला इतकं पाठ झालं होतं, की त्या बिल्डिंगचा सेक्रेटरी रस्त्यात भेटला असता तर मी त्याला जाब विचारला असता. आम्ही कामाचे आकडेसुद्धा मराठीत बोलायचो. रिपोर्टमध्ये लिहायचं शंभरला अमुक लिटर. पण तोंडी विचारायचं, ‘‘काय देतेय रे?’’ आणि तो डोक्यात भागाकार करून सांगायचा. त्यात एक गंमत अशी, की गाडी शंभर किलोमीटरला दहा लिटर प्यायली, तर आपल्या हिशोबानेही अ‍ॅव्हरेज दहाच येतं. त्या एका ठिकाणी जर्मन आणि आपण एकाच आकड्यावर उभे असतो. व्हॅन भरलेली असली की बरेचदा आकडा तिथेच कुठेतरी घुटमळायचा. बरोबर दहा आला की तो टाळी द्यायला हात पुढे करायचा आणि मी स्टिअरिंगवरचा हात काढून टाळी द्यायचो.

पण नुसत्या गमतीच नव्हत्या. माझा साखरपुडा होऊन लग्न मोडलेलं आहे, हे मी जर्मनीत कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती मुलगी लग्नाआधी इथे आठवडाभर आली होती, तिच्या मामांसोबत. रविवारची बंद दुकानं बघितली, माझ्या घराच्या खिडकीत उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘‘इथे एवढं शांत मला नाही हो जमणार.’’ तिचं काही चुकलं नाही. हे मी त्याला सांगितलं, ते समोर बघून, वेग सांभाळून. समोर बघत बोलता येतं म्हणूनच सांगता आलं असावं. त्याने सांत्वन वगैरे केलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, ‘‘शांत तर आहेच, साला.’’

आणि पुढच्या हिवाळ्यात त्याचे वडील गेले. विमान मिळून डोंबिवलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर तो दोन दिवस गाडीत गप्प होता. तिसऱ्या दिवशी रॉटवाईलच्या अलीकडे, जिथून तो लिफ्टच्या चाचणीचा उंच मनोरा दिसायला लागतो, तिथे तो रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. लॅपटॉप मांडीवर तसाच. घरी बायको-मुलीसमोर रडता आलं नव्हतं, असं नंतर म्हणाला. मी वेग कमी केला नाही. त्याला वाटू नये, की त्याच्या रडण्याने काही बिघडलं. त्या फेरीचा आकडा आम्ही नेहमीसारखा नोंदवला.

त्याच्या घरी मी जायचो, नाही असं नाही. वहिनी आग्रहाची होती. मुलगी मला काका म्हणायची, मी मराठीत काही विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि आतल्या खोलीत पळायची. पण खरं सांगतो, त्याच्या घरी मला मजा यायची नाही. तिथे तो नवरा होता, बाप होता, पाहुण्याला वाढणारा यजमान होता. बोलायचा तेच, पण सगळ्यांसाठी बोलायचा. मला तो गाडीतला हवा असायचा. हे वाचायला बरं दिसत नाही, पण होतं ते असं होतं.

मग अमेरिकेची मंडळी आली. तिथल्या एका मोठ्या कुरियर कंपनीसाठी गाड्या खरेदी करणारी एक बाई आणि तिच्याबरोबर दोघेजण. साहेबाने मला सांगितलं, मोजणी तू केलीस, तर गाडीजवळ उभा राहून दोन वाक्यं तू बोल. मी रात्रभर पाठ केलं आणि सकाळी व्हॅनच्या दारावर हात ठेवून, छाती पुढे काढून इंग्रजीत म्हणालो, ‘‘धिस व्हॅन गिव्ह्ज अ व्हेरी गुड अ‍ॅव्हरेज.’’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. ‘‘फक्त अ‍ॅव्हरेज?’’ त्या म्हणाल्या. मला काही कळेना. मी आणखी जोर देऊन म्हणालो, ‘‘येस, येस, व्हेरी गुड अ‍ॅव्हरेज!’’ त्यांच्या इंग्रजीत अ‍ॅव्हरेज म्हणजे सुमार, जेमतेम, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण ज्या शब्दात लहानपणापासून मोटारसायकलींच्या कौतुकाचे पोवाडे ऐकले, तो शब्द ऐन वेळी दुसऱ्या अर्थाने कसा आठवणार? मी बिचाऱ्या व्हॅनला उच्च दर्जाची सुमार ठरवून बसलो होतो. साहेबाचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा हा डोंबिवलीकर पुढे आला. हसत हसत म्हणाला, बाईसाहेब, तुमची व्हॅन मैल धावते, यांची डिझेल पिते, पण आम्ही जिथले आहोत तिथे गाडी देते. आणि जे देते त्याला आम्ही अ‍ॅव्हरेज म्हणतो. मग त्याने गॅलनचा आणि मैलाचा हिशोब जागच्या जागी तोंडी करून दाखवला. बाई खळखळून हसल्या. ‘शी गिव्ह्ज’ असं म्हणत त्यांनी व्हॅनच्या पत्र्यावर थाप मारली. पुढचा सगळा वेळ त्या त्याच्याशीच बोलत राहिल्या. मी मागे उभा राहून मान हलवत होतो. मला हायसं वाटलं होतं, आणि त्याचा अभिमानही वाटला होता. त्यातून काय निघणार आहे याची कल्पना मला आली नाही.

पंधरवड्याने आम्ही नेकारच्या पुलावर होतो. त्या पुलावर वारा नेहमी आडवा येतो आणि उंच गाडीला ढकलतो, त्यामुळे मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं.

‘‘तुला एक सांगायचं होतं,’’ तो म्हणाला.

‘‘बोल.’’

‘‘मला विचारलंय त्यांनी. अमेरिकेला जाशील का म्हणून. या गाडीसोबत. तिथे विकताना लोकांना समजावून सांगणारा, मोजून दाखवणारा माणूस हवाय.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘दिवस कसले, तीन वर्षं. मग पुढे बघू.’’

‘‘वहिनी काय म्हणते?’’

‘‘ती तर नाचायलाच लागली. तिची बहीण आहे ना तिकडे.’’

‘‘अरे वा,’’ मी म्हणालो. ‘‘अभिनंदन.’’

‘‘स्पीड!’’ तो ओरडला. ‘‘स्पीड बघ, काय करतोयस?’’

माझा पाय सैल पडला होता आणि गाडी ट्रकच्या वेगाला आली होती. ती फेरी बाद झाली. साहेबाला आम्ही वाऱ्याचं कारण सांगितलं.

मला तो जायला नको होता. एवढं साधं वाक्य, पण ते मी त्याला म्हणू शकलो नाही. बायको म्हणू शकते, आई म्हणू शकते, भाऊसुद्धा म्हणू शकतो, की जाऊ नकोस, मला करमणार नाही. मी त्याचा कोण लागत होतो? त्यानंतरच्या सगळ्या दिवसांत मी त्याला मदतच करत राहिलो. त्याचं घर सोडायचं, नगरपालिकेतली आबमेल्डुंग करायची, म्हणजे आम्ही हा गाव सोडला असं कळवायचं, जुना सोफा कुणाच्या तरी गळ्यात घालायचा. वहिनी म्हणायची, ‘‘भाऊजी, तुम्ही नसता तर आमचं कसं झालं असतं!’’ मी म्हणायचो, ‘‘जा, जा, गेनाऊ,’’ म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. रागावलो की मी जर्मनमध्ये बोलतो.

त्याच सुमारास मला कळलं, की आमच्या व्हॅन अमेरिकेला सरळ पाठवत नाहीत. इथे पूर्ण जोडतात, चालवून बघतात, मग त्यांचं इंजिन आणि आस वगैरे पुन्हा काढतात, वेगळ्या खोक्यांत भरतात आणि तिकडे नेऊन परत जोडतात. अख्खी गाडी नेली तर तिथे जबर कर बसतो, सुटी नेली तर बसत नाही. माझं डोकंच फिरलं. ज्या गाडीचा एक एक थेंब मोजायला आम्ही श्वास रोखून बसायचो, ती खोलायची! हा म्हणाला, ‘‘अरे, नटबोल्टच ते. तिकडे गेली की पुन्हा तशीच होईल.’’ त्याचा सगळ्या गोष्टींवर असा विश्वास होता.

तो गेला. विमानतळावर मुलीने मला ‘च्युस’, म्हणजे बाय, म्हटलं आणि वहिनीने वाकून नमस्कार केला, त्याने मी जास्तच म्हातारा झालो.

त्याच्या जागी माणूस मिळाला नाही. नवं यंत्र आलं, ते आकडे आपले आपणच नोंदवून ठेवायचं, लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याची गरज उरली नाही. पण जुन्या आकड्यांशी तुलना करायची तर गाडीचं वजन तेच हवं. म्हणून साहेबाने बायफाररच्या सीटवर वाळूची पोती ठेवायला सांगितली, डोंबिवलीकराच्या वजनाएवढी. पोती ठेवली की गाडीला वाटतं माणूस बसलाय, आणि पट्टा लावला नाही म्हणून ती पीं पीं करत राहते. मग पोत्यांना पट्टा लावायचा. मी रोज सकाळी पोत्यांना पट्टा लावायचो आणि निघायचो. पहिले काही दिवस मला हसू यायचं. चिंचवडच्या मित्रांना फोटोही पाठवला. नंतर हसू येईना. होर्बच्या पुलावर वारा आला की मी शेजारी बघायचो, आणि मग स्वतःवरच चिडायचो.

त्याचे फोन यायचे. सुरुवातीला दर शनिवारी. मग त्याचा शनिवार भरायला लागला. मुलीचं पोहणं, मेहुणीकडचं जेवण, मराठी शाळा. फोनच्या जागी व्हिडिओ यायला लागले, तेही दुसऱ्याने पाठवलेले. मी त्याला दोष देत नाही. संसारी माणूस आहे, नव्या देशात पाय रोवत होता. आमची व्हॅनही रोवत होती. तिथल्या फुलवाल्यांनी, कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्यांनी, कुणाकुणाने ती घेतली, त्याचे फोटो तो पाठवायचा. वर इंग्रजीत लिहायचा, ‘शी गिव्ह्ज!’ ते वाचून मला बरं वाटायचं. ते आमचं होतं ना.

मग एकदा बोलता बोलता तो म्हणाला, ‘‘इथे आणखी एक मोजणारा घ्यायचं चाललंय. तुझ्यासारखा कुणी असता तर काय बहार आली असती.’’ तो सहज बोलला असेल. मी मात्र ते धरून बसलो. मला अमेरिका कधीच नको होती. तिथलं सगळंच मोठं, घरं मोठी, ग्लास मोठे, आवाज मोठे. पण मी नकाशा उघडून तिथले रस्ते बघायला लागलो. सरळ, लांबच लांब, बोगदा नाही, पूल नाही. एका वेगाने किती तास जाता येईल! आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘अरे, घर सोडायचंच तर इकडे ये ना, तिकडे आणखी लांब कशाला?’’ तिला काय सांगणार, की तिकडे एक डोंबिवलीचा माणूस आहे म्हणून!

मी ठरवलं, त्याला समोरासमोर सांगायचं. फोनवर नको. आणि योगही तसा आला. अमेरिकेतल्या गाडीचे आकडे आणि इथले आकडे जुळत नव्हते म्हणून तो आठवड्यासाठी झिंडेलफिंगेनला आला. साहेबाने सांगितलं, तुम्ही दोघं जुन्या रस्त्यावर एक फेरी मारून या. मी सकाळी लवकर जाऊन बायफाररच्या सीटवरची पोती उचलून खाली ठेवली आणि सीट झटकून पुसून घेतली.

तो आला, थोडा जाड झालेला, टोपी घातलेला. आम्ही मिठी मारली. गाडीत बसताना मी म्हणालो, ‘‘तुला एक सांगायचंय.’’

‘‘सांग की.’’

‘‘निघू तर दे.’’

आम्ही निघालो. बोगदा येईपर्यंत तो बोलला. मुलगी आता जर्मन विसरली, इंग्रजीत उत्तरं देते. वहिनीला नोकरी लागली. रस्ते रुंद आहेत. डिझेलच्या पंपाचा नोझल तिकडे बरेचदा हिरवा असतो, आपल्याकडे हिरवा पेट्रोलचा, त्यामुळे आधी त्याचा नेहमी गोंधळ व्हायचा. मी ऐकत होतो. माझं वाक्य तयार होतं: तो मोजणारा अजून हवा असेल तर मी येतो. पूल गेला की म्हणू, असं मनात धरलं होतं.

‘‘तिकडे बायफारर कोण असतो रे?’’ मी विचारलं.

‘‘कुणी नाही. एकेकटेच जातो. मस्त वाटतं, माहितीये? शांत. कानात काहीतरी लावायचं आणि जात राहायचं. कुणाची कटकट नाही.’’

पूल आला, वारा आला, गाडी जराशी हलली. तो खिडकीबाहेर खोल दरीत बघत होता. मग एकदम हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘काय रे, आपण या डब्यात तासन्‌तास बोलायचो काय? दोन वर्षं! मला खरंच एक गोष्ट आठवत नाही.’’

त्याच्या मनात काही नव्हतं. तो प्रेमानेच विचारत होता, जुनी मजा आठवून बघत होता आणि ती सापडत नव्हती एवढंच. मला मात्र सगळं आठवत होतं. तो कुठे काय म्हणाला, ते कोणत्या वळणावर म्हणाला.

‘‘असंच काहीबाही,’’ मी म्हणालो.

‘‘टाइमपास.’’

‘‘टाइमपास,’’ मी म्हणालो.

थोड्या वेळाने त्याची मान कलली. लांबच्या प्रवासाची झोप होती. रॉटवाईलजवळचा मनोरा दिसायला लागला तेव्हा तो घोरत होता. मी त्याला उठवलं नाही. वेग जराही हलू दिला नाही, तसाच वळून परत आलो. त्याचं तोंड थोडं उघडं होतं आणि टोपी डोळ्यांवर आली होती. चांगला माणूस होता, अजूनही आहे. माझ्यासाठी जे होतं ते त्याच्यासाठी काम होतं, आणि काम संपल्यावर माणूस विसरतो. त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण ते मला कळायला त्याला इतक्या लांबून यावं लागलं.

आवारात गाडी थांबवली तेव्हा तो जागा झाला. हातपाय ताणले, खाली उतरला आणि दार लावता लावता त्याला आठवलं.

‘‘अरे, तू काहीतरी सांगणार होतास ना सकाळी?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटतेय.’’

तो लगेच मागे गेला, गुडघे टेकून खाली बसला आणि टायर दाबून बघायला लागला. हवा बरोबर होती.